‘हा माझा नव्हे’ म्हणणारा ड्रायव्हर

आसिफाबादहून राजुऱ्याकडे निघालं की महाराष्ट्राची हद्द लागण्याआधी वांकिडी येतं. मंडलाचं गाव. बाजारात तेलुगू, मराठी, गोंडी तिन्ही कानावर पडतात. ऑक्टोबर २०१६ पासून जिल्हा कुमरम भीम आसिफाबाद झाला, पण जुनी माणसं पत्ता सांगताना अजून आदिलाबादच म्हणतात. इथल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मामा आणि भाची यांच्यात झालेला हा वाद. दोघंही माझ्या कल्पनेतली. त्यांच्या तोंडी आलेले चिपचे नंबर, ड्रायव्हरमधले तपशील आणि साल मात्र खरे आहेत. मामांचं दुकान जुनं, हात बसलेला. भाची हैदराबादला ड्रायव्हर लिहायच्या कामावर आहे, लग्नाला म्हणून आली आणि दुकानात बसली. टेबलावर एका झेरॉक्सवाल्याचा नवा मदरबोर्ड होता. त्यावर मामांनी जुन्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स चढवलं होतं.

मामा : हे बघ. केबल लावली, लाईटही लागला. पण याला कार्डच दिसून नाही राहिलं. सेटिंगमध्ये वायफायचा रकाना नाही, लॅनचा नाही. जसं काही बोर्डावर कार्ड बसवलंच नाही.

भाची : एलएसपीसीआय चालवलं का? त्यात दिसतंय का?

मामा : तिथं दिसते. म्हणून त डोकं फिरलं. ‘इथरनेट कंट्रोलर’ लिहून येते, पुढं रिअलटेक, आणि कंसात १०ईसी:८१२५. खाली ‘ड्रायव्हर अमुक वापरात’ ही ओळ राहते ना, ती नाही.

भाची : म्हणजे कर्नलला कार्ड दिसलंय, पण त्याला वाली मिळालेला नाही. १०ईसी हा रिअलटेकचा नंबर, ८१२५ हा मॉडेलचा. तुमच्या पेन ड्राइव्हवरचा कर्नल ५.४ च्या आधीचा असणार. ८१२५ ला आर-८१६९ ड्रायव्हरमध्ये जागा मिळाली ती ५.४ मध्ये, २०१९ च्या शेवटी.

मामा : मग त सोपं आहे. आर-८१६९ माझ्या पेन ड्राइव्हवर आहेच. ८१६८ चालवते, ८१६९ चालवते. ८१२५ त्याच कंपनीचं, त्याच घराण्यातलं. ‘न्यू-आयडी’ नावाची फाईल राहते सिसएफएसमध्ये. तिच्यात एकदा १०ईसी ८१२५ टाकलं की ड्रायव्हर त्याला आपला म्हणते. एका ओळीचं काम.

भाची : ओळ एकच आहे. पण ती चुकीची आहे.

मामा : टाकून पाहिल्याशिवाय तुला काहून कळलं?

मामांचा हा प्रश्न उद्धट नव्हता. त्यामागे अनुभव होता. पीसीआयच्या जगात प्रत्येक कार्ड आपल्याजवळ २५६ बाइटांची एक नोंदवही ठेवतं. तिच्यातली पहिली चार बाइटं म्हणजे निर्मात्याचा नंबर आणि मॉडेलचा नंबर. पुढं आवृत्ती, पुढं वर्ग, आणि आणखी खाली ते कार्ड कुठल्या ब्रँडनं आपल्या नावानं विकलं त्याचे दोन उपनंबर. ड्रायव्हर लिहिणारा आपल्या कोडमध्ये एक टेबल ठेवतो : हे हे नंबर माझे. कर्नल नोंदवही वाचतो, टेबलाशी जुळवतो, जुळलं की ड्रायव्हरला हाक मारतो. मामांसारख्या माणसाच्या दृष्टीनं दुरुस्ती म्हणजे या टेबलात राहिलेली एक ओळ भरणं. आणि कितीतरी वेळा ती तेवढीच असतेही.

मामा : तुला डी-लिंकचं ते कार्ड माहीत नसेल, डीएफई-५३८टीएक्स. एकेकाळी या भागात प्रत्येक मशीनमध्ये ते राहायचं. त्याचा नंबर रिअलटेकचा नव्हता, डी-लिंकचा होता, ११८६:१३००. पण आतली चिप रिअलटेकची ८१३९. डी-लिंकनं फक्त आपला नंबर चिकटवला. ज्यानं पहिल्यांदा ड्रायव्हरच्या टेबलात ही ओळ टाकली, त्यानं आणखी काही केलं का? नाही. एक ओळ, आणि सगळ्यांची कार्डं चालू.

भाची : तिथं तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. आतली चिप तीच होती. पण त्याच डी-लिंकचं डीएफई-५३०टीएक्स आठवतं? त्यात व्हियाची ऱ्हाइन चिप होती. आणि डीएफई-५३०टीएक्स प्लस म्हणून जे होतं, त्यात रिअलटेक. खोक्यावर एका अधिकच्या चिन्हाचा फरक, आत दोन वेगवेगळ्या कंपन्या.

मामा : ते कोणाला माहीत नाही? म्हणून मी खोका नाही पाहत, चिपवरचा छापा पाहतो.

भाची : मग इथंही छापाच पाहू. ८१२५ आहे, ८१६८ नाही. आता तुमच्या जुन्या ड्रायव्हरनं या चिपला हात लावला तर काय होईल, ते सांगते. पॅकेट पाठवायचं असलं की ड्रायव्हर ते मेमरीत ठेवतो आणि कार्डाला सांगतो, उचल. हे सांगायचं म्हणजे कार्डाच्या एका ठरलेल्या रजिस्टरमध्ये एक बिट लिहायचं. ८१६८ मध्ये त्या रजिस्टरचा पत्ता सोळाच्या मोजणीत ३८. ८१२५ मध्ये ते रजिस्टर तिथून उठून ९० वर गेलं.

मामा : मग ३८ वर काय आहे?

भाची : इंटरप्टचा मास्क. म्हणजे कुठल्या घटनेला प्रोसेसरला उठवायचं आणि कुठल्या नाही, याची यादी. जुन्यात ती ३सी वर होती. आता जुना ड्रायव्हर काय करेल बघा. इंटरप्ट चालू करायला ३सी वर लिहील. नव्या चिपमध्ये ३सी वर घडलेल्या घटनांची नोंद असते, मास्क नाही. मग पॅकेट ठेवेल आणि ‘उचल’ म्हणून ३८ वर लिहील. चिप ते ऐकून मास्क बदलेल. पॅकेट मेमरीत पडून राहील. स्क्रीनवर कार्डाचं नाव उमटेल, आयपी मागेल, आणि काहीच होणार नाही.

मामा : नुकसान त नाही ना झालं. नाही चाललं त बंद करून दुसरं पाहू.

भाची : या दोन पत्त्यांवर नाही झालं. तिसऱ्या पत्त्यावर काय बदललंय ते तुम्हाला माहीत आहे का?

मामा गप्प बसले, पण पटलं म्हणून नाही. त्यांच्या बाजूचा एक मुद्दा मला इथं नोंदवावासा वाटतो, कारण भाचीच्या कामातली माणसं तो सहज विसरतात. नेटवर्कचा ड्रायव्हर हा असा ड्रायव्हर आहे की तो नसला तर तो आणायचा रस्ताही बंद. प्रिंटर चालला नाही तर ड्रायव्हर डाउनलोड करता येतो. लॅन चाललं नाही तर कशावरून करणार? म्हणून ‘चालून पाहू, नाही चाललं तर बघू’ हा मामांचा बाणा निव्वळ आळस नाही.

मामा : आणि मी काही नवीन सांगून नाही राहिलो. हाच आर-८१६९ आधी माझ्यासारखंच करायचा. नंबर ओळखीचा पण चिपची आवृत्ती अनोळखी निघाली, तर लॉगमध्ये लिहायचा, अनोळखी आहे, घराण्याचा नेहमीचा मार्ग वापरतो. आणि चालवून टाकायचा. किती बोर्ड चालले त्याच्यावर.

भाची : बरोबर. कारण ८१६८ या एका नंबराखाली रिअलटेकनं वर्षानुवर्षं निरनिराळ्या चिपा विकल्या. नंबर एक, आतल्या आवृत्त्या डझनावारी. म्हणून ड्रायव्हर नोंदवहीवर थांबत नाही. तो चिपला आतून विचारतो. पत्ता ४० वरचं रजिस्टर वाचतो, त्यातले काही बिट घेतो. त्याला एक्सआयडी म्हणतात. त्यावरून ठरतं की ही कुठली पिढी आणि हिच्याशी कसं बोलायचं. गंमत म्हणजे ८१२५ मध्ये इतकी उलथापालथ झाली, पण हे ४० वरचं रजिस्टर रिअलटेकनं हलवलं नाही.

मामा : मग एक्सआयडी नाही जुळला त जवळच्या चुलतभावासारखं वागवा. तेच त करत होते.

भाची : करत होते, आता करत नाहीत. आता ड्रायव्हर सरळ नकार देतो. लॉगमध्ये लिहितो : अनोळखी एक्सआयडी, अमुक अमुक, आर-८१६९ सांभाळणाऱ्यांशी संपर्क साधा. आणि बाजूला होतो.

मामा : आणि माझं गिऱ्हाईक?

भाची : तुमच्या गिऱ्हाइकाला कळतं की हे चालत नाही. आधी काय व्हायचं? ‘चालतंय’ असं दिसायचं. महिन्याभरानं तो यायचा, मोठी फाईल पाठवली की लटकतंय, झोपेतून उठवलं की लॅन मरतं. तुम्ही केबल बदलायचात, स्विच बदलायचात. चूक चिपच्या ओळखीत होती हे कोणाच्या डोक्यातही यायचं नाही.

हे वाक्य मामांना लागलं असावं. स्विच बदलून पाहिलेले त्यांना आठवत असणार. पण हार मानायचा स्वभाव नाही. त्यांनी बाजू बदलली, आणि माझ्या मते त्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा हाच होता.

मामा : मला एक सांग. पेन ड्राइव्ह घे. दुकानात हजार कंपन्यांचे येतात. कोणी विचारते का याचा नंबर टेबलात आहे की नाही? लावला की चालू. कीबोर्ड तसाच, माउस तसाच. मोबाईल केबलनं जोडून नेट घेतो, तेही तसंच. तिथं हे नंबराचं नाटक काहून नाही?

भाची : कारण ती उपकरणं वर्ग सांगतात, आणि त्या वर्गाशी कसं बोलायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे. पेन ड्राइव्ह म्हणतो, मी साठवणुकीच्या वर्गातला. मग कंपनी कोणतीही असो, भाषा एकच. पीसीआयमध्येही आहे तसं. सॅटा हार्ड डिस्कचा एएचसीआय, नवा एनव्हीएमई, यूएसबीचा एक्सएचसीआय. त्यांच्या ड्रायव्हरला कंपनीच्या नंबरांची लांबलचक यादी लागत नाही.

मामा : मग लॅन कार्डालाही वर्ग आहेच की. मघाशी एलएसपीसीआयमध्ये ०२०० दिसलं.

भाची : आहे. पण ०२०० एवढंच सांगतं की हे इथरनेट आहे. त्याच्याशी कसं बोलायचं ते सांगत नाही. इंटेलची रजिस्टरं वेगळी, ब्रॉडकॉमची वेगळी, रिअलटेकची पिढीगणिक वेगळी. तारेवर काय जावं हे सगळ्यांनी ठरवलं, म्हणून तुमचं कार्ड कोणाच्याही स्विचला लागतं. पण कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यात काय बोलणं व्हावं, हे कधी एकमतानं ठरलंच नाही. व्हर्च्युअल मशीनसाठी व्हर्टिओ नावानं ठरलं. खऱ्या पीसीआय कार्डांसाठी नाही.

मामा : म्हणजे दोष ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचा नाही, कार्ड करणाऱ्यांचा.

भाची : दोष कोणाचा ते जाऊ द्या. वर्ग पुरत नाही, म्हणून नंबर. नंबर पुरत नाही, म्हणून एक्सआयडी.

मी यात थोडी भर घालतो. नंबर पुरत नाही ही तक्रार खरी, पण नंबर नव्हते तेव्हाचे दिवस त्याहून वाईट होते. पीसीआय १९९२ चं. त्याआधीच्या आयएसए कार्डाला ‘तू कोण’ असं विचारायची सर्वमान्य सोयच नव्हती. एनई-२००० जातीचं कार्ड बहुधा ३०० या पत्त्यावर असायचं. ड्रायव्हर तिथं जाऊन काहीतरी लिहायचा, काहीतरी वाचायचा आणि उत्तरावरून अंदाज बांधायचा. त्या पत्त्यावर भलतंच कार्ड बसलेलं असलं तर मशीन गोठायचं. लिनक्समध्ये तर सुरू होतानाच कर्नलला बजावायची सोय होती की या पत्त्यांना हात लावू नको. अनोळखी उपकरणाला चाचपडून बघणं निरुपद्रवी असतं हा समज तेव्हापासूनचा, आणि तो पुष्कळदा फुटलेला आहे.

भाची : मघाशी म्हणालात ना, नुकसान नाही होत. २००३ च्या ऑक्टोबरात मॅंड्रेक लिनक्स ९.२ आलं. त्याच्या कर्नलमध्ये सीडी ड्राइव्हला कॅश रिकामी करण्याचा एक आदेश जायचा. चांगला, नियमातला आदेश. पण एलजीच्या काही सीडी-रॉम ड्राइव्ह तो आदेश फर्मवेअर बदलण्याचा म्हणून घ्यायच्या. ड्राइव्ह मेल्या. लोकांनी नवीन लिनक्स चढवायला सीडी घातली आणि सीडी ड्राइव्हच गेली.

मामा : तिथं ओळख कोणाची चुकली? आदेश नियमातला होता म्हणतेस.

भाची : नियम न पाळायची चूक एलजीची. पण भोगलं कोणी? म्हणूनच म्हणते, ज्याची पुरती ओळख नाही त्याच्या रजिस्टरमध्ये लिहायचं नाही. वाचायचं फार तर, तेही सांभाळून.

मामा : ठीक आहे. मग आता माझं ऐक. तू ओळख ओळख करून राहिली. ओळखीचा दांडा करून कंपन्या काय करतात ते मी पाहिलं आहे. यूएसबीचं सिरियल कन्व्हर्टर राहते, एफटीडीआयची चिप. बाजारात त्याच्या नकला पुष्कळ. घेणाऱ्याला काय कळते? २०१४ च्या ऑक्टोबरात विंडोज अपडेटमधून त्या कंपनीचा नवा ड्रायव्हर आला. नकली चिप दिसली की तिच्याच मेमरीत तिचा मॉडेल नंबर पुसून शून्य करून टाकायचा. मग ते त्या मशीनवर नाही, दुसऱ्याही मशीनवर नाही, कुठंच ओळखू यायचं नाही. ज्यानं पैसे मोजले त्याचा काय गुन्हा?

भाची : काहीच नाही. ते वाईटच होतं. ओरड झाल्यावर कंपनीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला.

मामा : मग?

भाची : मग लिनक्सच्या लोकांनी काय केलं माहीत आहे? एफटीडीआयच्या ड्रायव्हरच्या टेबलात एक ओळ घातली : निर्माता ०४०३, मॉडेल शून्य. ज्यांचा नंबर पुसला, त्यांनाही आपलं म्हटलं. त्या ओळीला कोडमध्ये नाव दिलंय ‘ब्रिक’चं. वीट झालेल्यांची ओळ.

मामा : (हसून) हे झालं ना काम! बघ, ओळच टाकली शेवटी.

भाची : टाकली, कारण त्या चिपांशी कसं बोलायचं ते पक्कं ठाऊक होतं. नंबर गेला तरी भाषा बदलली नव्हती. ८१२५ मध्ये नंबर शाबूत आहे, भाषा बदलली आहे. मी ओळीच्या विरोधात नाही मामा. ओळीमागं काय माहीत आहे, एवढंच विचारते.

या ठिकाणी वाद थोडा भलत्या वाटेला गेला, आणि ती वाट वांकिडीत बसल्यावर टळणारी नव्हती. केरामेरी मंडल आणि चंद्रपूरच्या जिवती तालुक्याच्या मधल्या डोंगरातली ती १४ गावं : परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर, महाराजगुडा आणि बाकीची. दोन्ही राज्यं त्यांना आपली म्हणतात. तिथल्या पुष्कळ घरांत दोन मतदार ओळखपत्रं, दोन रेशनकार्डं. दोन्हीकडच्या योजना, दोन्हीकडचं मतदान. खुद्द राजुरा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता, तेव्हा या भागात कोण कोणाचं हा प्रश्न नवा नाही.

मामा : एका उपकरणावर दोन ड्रायव्हर हक्क सांगतात असं होते का? आपल्या त्या चौदा गावांसारखं?

भाची : होतं. लिंकसिसचं ईजी-१०३२ नावाचं कार्ड. नंबर १७३७:१०३२. त्याच नावानं, त्याच नंबरानं एकदा मार्वेलची चिप घालून विकलं, नंतर रिअलटेकची. लिनक्समध्ये मार्वेलचा ड्रायव्हर एसकेजीई, रिअलटेकचा आर-८१६९. दोघांच्या टेबलात १७३७:१०३२ आहे.

मामा : मग कोण घेते?

भाची : नुसता तेवढाच नंबर लिहिला असता तर जो आधी लोड झाला तो. म्हणजे नशीब. कार्ड एकाचं, हाती दुसऱ्याच्या. म्हणून दोघांनी उपनंबरही लिहिला. एसकेजीईनं लिहिलं, उपनंबर ००१५ असेल तरच माझा. आर-८१६९ नं लिहिलं, ००२४ असेल तरच माझा. हद्द आखून घेतली.

मामा : आपल्या गावांची हद्द कोणी अशी एका ओळीत आखली असती त बरं झालं असतं. पण एक फरक आहे पोरी. चौदा गावांतल्या माणसाला दोन रेशनं मिळतात. तुझ्या कार्डाला दोन ड्रायव्हर मिळाले त एकही पॅकेट नाही जात.

भाची : कार्डाला दोन मालक चालत नाहीत, हे खरं. पण यातला मला आवडणारा दाखला वेगळाच आहे. तुमचं लाडकं ८१३९. रिअलटेकनं पुढं ८१३९सी-प्लस काढली. काम करायची पद्धत बदलली, नंबर ठेवला तोच, १०ईसी:८१३९. फक्त आवृत्तीचा आकडा २० पासून पुढं. जुन्याचा ड्रायव्हर ८१३९टू, नव्याचा ८१३९सीपी. कर्नलनं नंबर जुळवून जुन्याला हाक मारली, तर तो आधी आवृत्ती बघतो. २० किंवा वर दिसली की लॉगमध्ये लिहितो : ही सुधारित ८१३९सी-प्लस चिप आहे, ८१३९सीपी वापरा. आणि हात काढून घेतो. सीपीला चुकून जुनी चिप आली तर तोही तसंच उलटं सांगतो.

मामा : हे मी लॉगमध्ये पाहिलं आहे. मला वाटायचं एरर आहे.

भाची : एरर नव्हे. सगळ्यात शहाणं वाक्य आहे ते त्या ड्रायव्हरमधलं.

माझं मत विचाराल तर इथं मी भाचीच्या बाजूला आहे, पण एका अटीवर. ८१३९टूचं ते वाक्य शहाणं आहे ते त्यानं नकार दिला म्हणून नाही. नकार देताना दार कुठलं ठोठावायचं तेही सांगितलं, म्हणून. दुकानात बसलेल्या माणसाला त्या ओळीवरून पुढचं पाऊल टाकता येतं. आर-८१६९ चा आजचा नकारही एक्सआयडीचा आकडा छापतो, म्हणजे तक्रार करणाऱ्याच्या हाती काहीतरी ठेवतो. पण अनेक ड्रायव्हर नुसते गप्प राहतात. कार्ड ओळखलं नाही, एवढंही सांगत नाहीत. मामांना ‘बोर्डावर कार्डच नाही’ असं वाटलं ते त्या गप्पपणामुळंच. आणि कधी कधी तर ओळखीचं कार्डही एका रात्रीत परकं होतं.

मामा : तुमच्या शहाणपणाची एक गोष्ट मीही सांगतो. इंटेलची पीसीआय एक्सप्रेसवाली कार्डं आधी ई-१००० ड्रायव्हर चालवायचा. २००८ च्या आसपास तुमच्या लोकांनी ती त्याच्या टेबलातून उचलून ई-१०००-ई नावाच्या नव्या ड्रायव्हरकडे दिली. ज्यांनी कर्नल स्वतः बांधला आणि नव्या ड्रायव्हरवर खूण नाही केली, त्यांचं कालपर्यंत चालणारं लॅन अपग्रेडनंतर गायब. कार्ड तेच, मशीन तेच, केबल तीच.

भाची : त्यावर तेव्हाही भांडणं झाली. खूण केली नसेल तर जुन्यानंच सांभाळावं, अशी मधली सोय काही काळ ठेवली.

मामा : म्हणजे ओळख नीट करण्याच्या नादात चालतं कार्ड बंद पाडलं, हे कबूल कर.

भाची : कबूल. चालतं बंद पाडणं हा कर्नलमध्ये सगळ्यात मोठा अपराध मानतात. पण ८१२५ तुमच्या पेन ड्राइव्हवर कधी चालतच नव्हतं.

मामा : बरं बाई. मग या झेरॉक्सवाल्याचं काय करू?

भाची : तुमचाच मुद्दा वापरा. मोबाईल केबलनं जोडा, तो वर्गावरून चालतो, नंबर मागत नाही. त्या नेटवरून नवा कर्नल उतरवा, मिळेल तो सगळ्यात ताजा. पाच-दहा मिनिटांचं काम.

मामांनी मोबाईल जोडला. उतरवणं सुरू झालं. एवढ्यानं विषय संपला असता, पण मामांनी फळीवरून एक जुनं कार्ड काढलं. कुठल्याशा ब्रँडचं, चिपवर ८१६९ चा स्वच्छ छापा, आणि नंबर मात्र कुठल्याही ड्रायव्हरच्या टेबलात नाही.

मामा : आता हे. चिप ८१६९, माझ्या डोळ्यांनी वाचली. नंबर ब्रँडवाल्याचा. हे न्यू-आयडीत टाकून चालते. मी मशीन सुरू होताना ती ओळ आपोआप पडेल अशी स्क्रिप्ट करून ठेवली आहे. आता सांग, यात काय चुकलं?

भाची : यात काही नाही चुकलं. इथं ओळच हवी आहे. एक्सआयडी काय आला लॉगमध्ये?

मामा : ओळखीचा आला. ८१६९चाच.

भाची : मग स्क्रिप्टमध्ये काय लिहिलंत, दाखवा. हं. निर्माता आणि मॉडेल, बस. न्यू-आयडीत पुढं उपनंबरही टाकता येतात, ते टाका. उद्या हाच ब्रँड हाच नंबर लावून आत दुसरी चिप घालेल. लिंकसिसनं केलं तसं.

मामा : म्हणजे दुसरं खोकं आलं की माझी स्क्रिप्ट त्याला ओळखणार नाही.

भाची : नाही ओळखणार. तेव्हा पुन्हा छापा बघा, एक्सआयडी बघा, मग ओळ घाला. आणि ही ओळ स्क्रिप्टमध्ये का ठेवलीत? तुमच्या दुकानाबाहेर हे कार्ड कोणाचंच चालणार नाही. ड्रायव्हरच्या टेबलात पाठवा. चालत्या जुन्या कर्नलांमध्ये सहसा नवीन काही घेत नाहीत, फक्त दुरुस्त्या. पण उपकरणाचा नवा नंबर घ्यायला नियमातच परवानगी आहे. एका ओळीचा पॅच लोक हसत घेतात.

मामा : पॅच म्हणजे इंग्रजीत चिठ्ठी लिहा, कोणा जर्मनीवाल्याला पाठवा.

भाची : चिठ्ठीत असतं काय? एलएसपीसीआयचं आउटपुट, लॉगमधली एक्सआयडीची ओळ, आणि टेबलातली एक ओळ. वरची दोन वाक्यं मी लिहून देते. पण खाली ‘चाचणी केली’ म्हणून नाव देतात. ते तुमचं. मी हे कार्ड चालताना पाहिलेलं नाही.

मामा : माझं नाव?

भाची : हो, तुमचंच. निनावी नको.

मामांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं, रिकाम्या मशीनच्या खाचेत बसवलं आणि स्क्रू घट्ट केला.

मामा : मग आज नाही पाठवायची. पिंग गेला म्हणून मी चालते म्हणत होतो, नाव टाकायला तेवढ्यावर नाही भागत. रात्रभर मोठी फाईल इकडून तिकडं पाठवून पाहतो. झोपवून उठवूनही पाहतो, लॅन परत येते का. लिहून ठेव, चाचणीत अजून काय काय पाहतात ते.

भाची : केबल काढून पुन्हा लावल्यावर वेग बरोबर पकडतो का, तेही बघा. १००० वरून १०० वर उतरलं तर लॉग ठेवा.

मामा : दुसरी केबल आण मग आतून. ही जुनी आहे, हिच्यावर १००० चा भरवसा नाही.